पहिली विहीर कोणी खणायची?

आमच्या घरात एक म्हण आहे. ती कुठल्याही म्हणींच्या कोशात सापडायची नाही, कारण ती आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, स्वतः तयार केलेली आहे. घरात कोणी जरा धाडसाचा विचार बोलून दाखवला, की नाना वर्तमानपत्रातून डोके वर न काढता विचारीत, "काय, विहीर खणायची आहे वाटतं?" एवढे पुरेसे असे. धाकट्या काकांचे भागीदारीतले हॉटेल, आत्याची शिवणाचे वर्ग काढण्याची योजना, माझा स्वतःचा नोकरी सोडून छापखाना घालण्याचा बेत, हे सगळे त्या एका विहिरीत बुडाले. आणि गंमत अशी, की त्या विहिरीत पाण्याचा थेंब नव्हता!

विहीर मात्र खरोखरीची. संगमेश्वर तालुक्यात आमचे लहानसे गाव. १९५७ साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी माझ्या आजोबांनी, तात्यांनी, घरामागच्या उतारावर विहीर खणायला काढली. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी इतके, की माणूस विटून जावा. आणि शिमगा झाला, की घरच्या बायकांनी पाऊण कोस उतरून वहाळातल्या खड्ड्यातले पाणी डोक्यावरून आणावे. विहीर झाली की पोफळी लावायच्या, नारळ लावायचे, आजीच्या डोक्यावरची कळशी उतरवायची, असे तात्यांचे साधे गणित होते. पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो सगळे आवार फिरला. जिथे नारळ उभा राहिला तिथे खुंटी ठोकली. पहिले बारा हात जांभा लागला, तो सुटला. मग लागला काळा पाषाण. सुरुंग उडवायचे, दगड उपसायचे, आणि दिवसाकाठी खोली वाढायची वीतभर.

पैशाची सोय प्रथम तगाईची होती. तगाई संपली तेव्हा सावकार आला. सावकारानंतर आजीच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांनंतर कलमांच्या बागेचा खालचा अर्धा भाग गेला. सदतीस हातांवर तात्या थांबले. पाणी लागले म्हणून नव्हे. विकण्यासारखे काही उरले नाही म्हणून.

तगाई म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेले कर्ज, हे नव्या पिढीला सांगायला हवे. विहिरीला पाणी लागले तर पिकावर हप्ते फिटत. आमच्या विहिरीला पाणी लागले नाही, पण हप्ते मात्र लागले! ते फेडण्यासाठी नाना मुंबईला आले, गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहाजण राहिलो, आणि नानांनी सतरा वर्षे हप्ते फेडले. सावकाराचे आणि सरकारचे. तात्यांशी ते त्या विषयावर एक अक्षरही बोलले नाहीत. फक्त ती म्हण तेवढी त्यांनी तयार केली.

आमच्या गावापासून दोन कोसांवर तुरळचे गरम पाण्याचे कुंड आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांना ते ठाऊक असेल. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की तात्या मला तिथे घेऊन जात. पाण्यात पाय सोडला की चटका बसून आपण तो वर ओढायचा, पुन्हा सोडायचा, असा आमचा खेळ चाले. तात्या काठावर बसून वाफेकडे पाहत राहत. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "देवानं इथं न मागता कढत पाणी वर आणून दिलंय, आणि मला गार पाणी सदतीस हातांवर मिळू नये!" तेव्हा मी हसलो होतो. ते हसण्यासारखे नव्हते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

नानांची म्हण मीही पुढे चालवली, हे इथे कबूल केलेच पाहिजे. मी एका कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. १९९८ साली माझ्या मुलाने डोंबिवलीला लहानसा कारखाना काढण्याचे मनात घेतले. दोन मित्र, एक भाड्याचा गाळा, दोन लेथ. त्याने सगळा हिशेब वहीत मांडून आणला होता. माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून थोडी रक्कम काढली, की त्याचे काम होणार होते. मी वही चाळली, मिटली, आणि म्हणालो, "विहीर खणायची आहे वाटतं?" त्याने वही उचलली आणि दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीत नोकरी धरली. आज तो तिथेच आहे, चांगल्या हुद्द्यावर आहे. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितले नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही घरगुती विहीर ऐन दिवाळीत आमच्यापुढे कशाला? तर त्याला कारण घडले नैरोबीला.

माझी मुलगी गेली बारा वर्षे नैरोबीत राहते. २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. महिनाभर पाहुणचार झाल्यावर जावई म्हणाले, "बाबा, सिंह आणि जिराफ सगळेच दाखवतात. मी तुम्हांला वाफ दाखवतो." नैरोबीहून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर नैवाशा नावाचे सरोवर आहे, आणि त्याच्या दक्षिणेला ओल्कारिया. तिथे जमिनीच्या पोटातल्या वाफेवर वीज करतात. ही म्हणाली, "वाफ काय पाहायची? ती आमच्या कुकरमधून रोज निघते." तरी आली.

डोंगरांच्या घळीत जागोजाग पांढरे लोट उठत होते, जणू एखाद्या अजस्र लग्नघराची चुलवणे पेटलीत. चकचकीत नळ टेकड्यांवरून धावत होते, आणि मधूनच ते कमानीसारखे उंच उचललेले होते. जावई म्हणाले, जनावरांना खालून जाता यावे म्हणून. हे सगळे एका राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. जावयांच्या ओळखीची एक तरुण इंजिनिअर बाई आम्हांला सारे समजावून सांगत होती. दोन-तीन किलोमीटर खोल विहीर पाडायची. विहीर म्हणजे आपली गोल बांधलेली नव्हे. हात-दीड हात रुंदीचे छिद्र. खाली पाणी असते ते अडीचशे अंशांहून अधिक तापलेले. वर येता येता त्याची वाफ होते. वाफ वेगळी काढायची, टर्बाईनवर सोडायची, चाक फिरते, वीज होते. उरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा पृथ्वीच्या पोटात घालायचे. कोळसा नाही, धूर नाही, आणि रात्र असो, दुष्काळ असो, चाक थांबत नाही.

"पहिल्या फटक्यात लागली का हो वाफ?" मी सहज विचारले.

ती हसली. "छे! पहिल्या दोन विहिरी १९५६ पासून खणल्या. दोन्ही फुकट गेल्या. खाली उष्णता होती, पण कामाची वाफ वर येईना. सगळं गुंडाळून लोक निघून गेले."

१९५६! तात्यांच्या विहिरीच्या एक वर्ष आधी. मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझ्या तोंडून नकळत प्रश्न गेला, "मग ज्यानं त्या खणल्या, त्याचं पुढं काय झालं?"

तिला प्रश्नच कळला नाही. जावयांनी तो पुन्हा समजावून सांगितला. तेव्हा ती म्हणाली, "त्याचं म्हणजे? ती एका माणसाची विहीर थोडीच होती! वीज कंपनी होती, आणखी लोक होते. पैसे गेले ते सगळ्यांचे थोडे थोडे गेले. १९७० मध्ये सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाची माणसं पुन्हा आली. पुन्हा पाहणी केली, पुन्हा खणलं. १९८१ साली इथं पहिलं पंधरा मेगावॅटचं यंत्र फिरलं."

पंचवीस वर्षे! दोन कोरड्या विहिरी आणि पंचवीस वर्षे. आज केनियात चाळीस टक्क्यांहून अधिक वीज या वाफेतून येते. आणि हा देश काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही.

परतीच्या वाटेवर ही झोपली, मुलगी आणि जावई पुढे बोलत होते, आणि मी मागे बसून तात्यांचा विचार करीत होतो. घरी आलो आणि कारकुनाला शोभेल असे काम केले. या विषयावर मिळेल ते वाचून टिपणे काढली. चार महिने ते वेड होते. ही म्हणे, "अहो, कचेरीत इतकं काम केलं असतंत तर बढती लवकर मिळाली असती."

मला जे कळले ते असे. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पहिले दिवे लागले. म्हणजे युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. तरी ज्या देशांच्या पोटात ही उष्णता आहे, त्यांतल्या काहींनीच ती वर काढली. बाकीचे नुसते कुंडाच्या काठी बसून राहिले. फरक पोटातल्या उष्णतेचा जेवढा आहे, तेवढाच सरकारी कागदाचाही आहे. कारण एक विहीर पाडायला काही दशलक्ष डॉलर लागतात, म्हणजे आपले तीस-चाळीस कोटी रुपये सहज. आणि नव्या जागी पहिलीच विहीर यशस्वी होण्याची शक्यता जगाच्या अनुभवावरून जेमतेम निम्मी. नाणे उडवून तीस कोटी लावायला कोण तयार होईल? बँक म्हणते, आधी वाफ दाखवा, मग कर्ज देतो. वाफ दाखवायला आधी विहीर हवी. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण ऐकली आहे. पण आडात आहे की नाही हे पाहायलाच पोहरा विकत मिळेना, अशी ही अडचण आहे.

केनियाने ती कशी सोडवली? तिथली वीज पूर्वी मुख्यतः ताना नदीवरच्या धरणांची. १९९९-२००० च्या दुष्काळात धरणे आटली आणि देशात वीज वाटून द्यायची पाळी आली. आभाळावर विसंबण्यात अर्थ नाही हे सरकारला कळले. जमिनीतल्या या उष्णतेवर मालकी राज्याची, असा कायदा तिथे १९८२ सालीच झाला होता. २००८ साली सरकारने याच कामासाठी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. तिने विहिरी खणायच्या, कोरड्या निघतील त्यांचा खर्च तिने सोसायचा, आणि वाफ लागली की ती वीज करणाऱ्यांना विकायची. म्हणजे ज्या सदतीस हातांनी तात्यांना बुडवले, ते सदतीस हात सरकारने आपल्या अंगावर घेतले. पुढची वाट मग खाजगी कंपन्यांनाही परवडली.

पण खरा धक्का मला आइसलँडने दिला. तिथे ऊर्जेसाठी एक सरकारी निधी आहे. उष्णतेसाठी विहीर खणायला त्यातून कर्ज मिळे. विहिरीला गरम पाणी लागले तर कर्ज फेडायचे. विहीर कोरडी गेली तर त्या कर्जाचे अनुदान व्हायचे. झाले! हप्ता नाही, सावकार नाही, पाटल्या नाहीत. त्या बर्फाळ बेटावर आज दहांतली नऊ घरे जमिनीतल्या गरम पाण्याने ऊबदार राहतात. हे वाक्य मी तीनदा वाचले आणि टिपणवही मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. तगाई आणि हा निधी, दोन्ही सरकारचीच कर्जे. फरक एवढाच, की एक कोरड्या विहिरीच्या काठापर्यंत माणसाबरोबर येते आणि तिथून परत फिरते. दुसरे त्याच्याबरोबर विहिरीत उतरते.

कागदावरचा एक शब्द काय करू शकतो, हे मला, म्हणजे आयुष्यभर फायली हलवलेल्या माणसाला, वेगळे सांगायला नको. तरी इंडोनेशियाची गोष्ट वाचून मीही थक्क झालो. तो देश ज्वालामुखींचा. पोटात अमाप उष्णता. पण २००३ च्या कायद्याने हे काम 'खाणकाम' या सदरात धरले होते. उष्ण जागा पुष्कळशा संरक्षित जंगलांत, आणि तिथे खाणकामाला मनाई. म्हणजे कायद्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले! शेवटी २०१४ साली नवा कायदा करून त्या कामाला 'खाणकाम' या शब्दातून सोडवावे लागले. अकरा वर्षे एक शब्द वाटेत आडवा पडून होता. आमच्या कचेरीत असले शब्द पुष्कळ असत. पण त्यांनी अडवलेल्या गोष्टी लहान होत्या.

मात्र सरकारने पैसे घातले की सगळे गोड झाले, असे समजण्याइतका मी भोळा उरलेलो नाही. टिपणे वाचून दाखवीत असता हिने मध्येच विचारले, "सगळं खरं, पण आपल्या कुंडाचं पाणी नाही ना आटणार?" बाईमाणसाची शंका म्हणून मी ती झटकून टाकणार होतो. पण वाचले तर काय, न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ साली वाफेचे वीजघर सुरू झाले, आणि शेजारच्या दरीतली उष्ण पाण्याची कारंजी, जी पाहायला लोक दुरून येत, ती पुढच्या काही वर्षांत थांबली. त्याच देशात रोटोरुआ गावी घराघरांतून विहिरी पाडून गरम पाणी उपसले जात होते आणि तिथली प्रसिद्ध कारंजी मंदावू लागली होती. तेव्हा १९८६ साली सरकारने मोठ्या कारंज्याच्या दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करायला लावल्या. लोकांनी आरडाओरड केली. पण कारंजी पुन्हा जोर धरू लागली. म्हणजे सरकारला कुठे खणावे हे सांगावे लागते, तसे कुठे थांबावे हेही सांगावे लागते. हिची शंका खरी ठरली, हे मी तिला सांगितले. ती नुसतीच "हं" म्हणाली.

आणि ओल्कारियाचीही दुसरी बाजू आहे. मी तिथे नळांखालून जाणारी जनावरे पाहून खूश झालो होतो. माणसांबद्दल विचारायचे राहून गेले. त्या टेकड्यांवर मसाई लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत आले आहेत. नव्या वीजघराच्या वेळी, २०१४ साली, दीडशेच्या आसपास कुटुंबांना तिथून उठवून दुसरीकडे वसवले. त्यांना पक्की घरे मिळाली, पण गुरांना चरायला जागा कशी, जमिनीचे कागद कुठे, कामाला जायला रस्ता कुठे, अशा तक्रारी घेऊन ते थेट जागतिक बँकेपर्यंत गेले. बँकेला चौकशी करावी लागली आणि मध्यस्थी करून तोडगा काढावा लागला. कोयनेच्या धरणासाठी गाव सोडावे लागलेली माणसे आपल्याकडेही आहेत; त्यांना यात नवे काही वाटणार नाही. विहिरीचा धोका सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे न्यायाचे आहे. मग विहिरीसाठी ज्याचे घर जाते, त्याचा तोटा त्याने एकट्याने का सोसावा?

मग आपल्याकडे काय? आपल्या देशात गरम पाण्याच्या ३८१ झऱ्यांची नोंद झालेली आहे. आपल्या पूर्वजांनी त्यांची नोंद आधीच गावांच्या नावांत करून ठेवली होती. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे, खानदेशातले उनपदेव, ही सगळी 'ऊन' पाण्याची गावे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे तर मुंबईकरांच्या परिचयाची. आपण त्यांच्यावर देवळे बांधली, खरजेवर उपाय म्हणून आंघोळी केल्या, आणि हात जोडून परत आलो. भूवैज्ञानिक मात्र थांबले नव्हते. लडाखमध्ये पुगा नावाचे खोरे आहे, चौदा हजार फुटांहून उंच. तिथे १९७३ च्या सुमारास विहिरी पाडायला सुरुवात झाली आणि थोड्या खोलीवरच चांगली उष्णता लागली. त्यानंतर वीजघराचा प्रत्यक्ष करार झाला तो २०२१ साली, ओएनजीसी आणि लडाखचे प्रशासन यांच्यात. पहिला टप्पा एक मेगावॅटचा. मधली अठ्ठेचाळीस वर्षे उष्णता तिथेच होती, विज्ञानही होते. नव्हता तो फक्त पहिल्या खर्चाचा धनी.

२०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने भूगर्भातल्या उष्णतेसाठी देशाचे पहिले स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले. देशात या मार्गाने दहा हजार मेगावॅटच्या आसपास वीज होऊ शकेल, असा अंदाज त्यामागे आहे. वापरातून गेलेल्या तेलाच्या विहिरींचा उष्णतेसाठी उपयोग करावा, संशोधनाला मदत करावी, परदेशी तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे, इमारती थंड-गरम ठेवायलाही जमिनीची उष्णता वापरावी, असे त्यात पुष्कळ आहे. मी ते वाचून आनंदलो. पण कारकून आहे. धोरण म्हणजे फाईलचे पहिले पान, हे मी जाणतो. खरे पान अंदाजपत्रकाचे. कोरड्या विहिरीसाठी त्यात रक्कम धरली आहे का, आणि विहीर कोरडी निघाली तर त्या अधिकाऱ्याला कोणी "विहीर खणायची होती वाटतं?" असे तर विचारणार नाही ना, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कारण आमच्या नानांची ती म्हण फक्त आमच्याच घरात आहे, असे मला आता वाटत नाही.

आमच्या कोकणातल्या कुंडांवर उद्या मोठी वीजघरे उभी राहतील, असे मी म्हणत नाही. ओल्कारियाच्या मानाने आमचे पाणी सौम्य. त्यावर कदाचित लहानशी यंत्रे चालतील, कदाचित आमसुले आणि आंबापोळी वाळवायला ऊब मिळेल. पण किती मिळेल, हे काठावर बसून कळायचे नाही.

नैरोबीहून परत आल्यावर एका रविवारी मी मुलाला सारे सांगितले. दोन कोरड्या विहिरी, पंचवीस वर्षे, आइसलँडचे कर्ज. तो ऐकत होता. शेवटी मी म्हणालो, "तुझी ती वही मी नीट वाचलीच नव्हती."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही पैसे नाही दिलेत त्याचं मला काही वाटलं नाही, बाबा. तुमचीही नोकरीच होती. पण तुम्ही विहिरीचं नाव घेतलंत. मला वाटलं, हिशेब चुकला असेल तर चुकी दाखवतील."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

यंदाच्या शिमग्याला आम्ही दोघे गावी गेलो. पालखी नाचून गेल्यावर मी त्याला घरामागे घेऊन गेलो. विहिरीच्या तोंडावर करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत आणि आतल्या भिंतीतून एक पिंपळ वर आला आहे. त्याने फांद्या बाजूला सारल्या आणि वाकून आत पाहिले. वरचा जांभा तांबडा दिसत होता. खालचा काळा पाषाण सावलीत बुडालेला. सुरुंगाच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. माझ्या आठवणीत ती विहीर म्हणजे मूर्खपणाचे स्मारक होते. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले, की ती किती सरळ खणलेली आहे. एका साठी उलटलेल्या माणसाने, चार गड्यांच्या जोरावर, त्या दगडात सदतीस हात रेषा ढळू दिली नव्हती.

"काम चांगलं आहे," मुलगा म्हणाला. दोन लेथ मांडण्याची स्वप्ने पाहिलेल्या माणसाची ती पावती होती. मग त्याने एक खडा आत टाकला. आम्ही दोघांनी कान दिले. तो खाली पडल्याचा आवाज आला, कोरडा.

"किती हात म्हणालात?"

"सदतीस."

"पिंपळ बघा कसा हिरवा आहे ते. मुळं कुठंतरी पोचली असतील," तो म्हणाला, आणि खिशातून एक लहानशी वही काढून काहीतरी लिहू लागला. काय लिहितो आहेस, असे मी विचारले नाही. त्याचे लिहून होईपर्यंत मी करवंदीच्या फांद्या धरून उभा राहिलो.